उत्तर आफ्रिकेतले जुने चांदीचे दागिने आणि त्यांवरचे ठसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे कुठल्या दागिन्यांची माहिती आहे?

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि इजिप्त इथले, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९६० पर्यंत घडवलेले चांदीचे दागिने. या पट्ट्यात शहरातल्या सधन घरांचा ओढा सोन्याकडे, तर डोंगरातल्या, वाळवंटातल्या अमाझिघ (बर्बर) आणि बेदुइन (भटक्या अरब) बायकांचा चांदीकडे. चांदी हीच त्यांची बचत होती आणि अडीअडचणीला ती मोडली जायची. त्यामुळे फार जुने नग हाताला लागणे कठीण. बाजारात 'तीनशे वर्षांपूर्वीचा' म्हणून जे दाखवले जाते, ते बहुतेक वेळा आपल्या पणजीच्या काळातले असते. त्यात कमीपणा काही नाही, पण किंमत ठरवताना ते लक्षात असावे.

दागिन्यावर ठसा नाही. म्हणजे तो खोटा का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

ठसा म्हणजे चांदीची शुद्धता तपासून नगावर मारलेली बारीक खूण (हॉलमार्क). तो सरकारी कचेरीत बसतो. डोंगरातला सोनार गिऱ्हाइकाने आणून दिलेली नाणी मुशीत वितळवायचा, त्याच अंगणात दागिना घडवायचा आणि तो थेट त्या घरात जायचा. कचेरीपर्यंत जाण्याचे त्याला कारणच नव्हते. शिवाय यातल्या बऱ्याच भागावर फ्रेंचांचा अंमल होता, आणि फ्रेंच कायद्यात चांदीला ठसा मिळायचा तर ती किमान ८०० टंचाची, म्हणजे हजार भागांत ८०० भाग शुद्ध चांदीची लागायची. नाणी, मोडीत आलेले जुने दागिने, थोडे तांबे असे सगळे एकत्र वितळवले की टंच कधी ८००च्या वर, कधी खाली. त्या खालच्या नगाला ठसा मिळणारच नव्हता, तरी तो अल्जीरियातला अस्सल काबिली किंवा मोरोक्कोतला अस्सल सूसचा असू शकतो.

उलट बाजूही खरी. ठसा असला म्हणून दागिना जुना ठरत नाही. ठसा चांदीचा टंच सांगतो आणि हा नग अमुक राज्याच्या कचेरीतून गेला एवढे सांगतो. कोणी घडवला, कुठल्या गावात, कुणासाठी, हे त्यातून क्वचितच कळते. माझा आग्रह असा की ठसा सगळ्यात शेवटी वाचावा. आधी वाचला की बाकीचे पाहण्याची नजर बंद होते.

मग सुरुवात कुठून करू?

दागिना पालथा करा. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. मागच्या बाजूला सोनाराचा हात दिसतो.

मोरोक्कोच्या दक्षिणेकडची त्रिकोणी पिन, म्हणजे तिझेर्झाई, उदाहरणाला घेऊ. या पिना जोडीने असतात, खांद्यावर एकेक, मध्ये साखळी आणि साखळीच्या मधोमध बहुधा अंड्याच्या आकाराचा पोकळ मणी. न शिवलेले वस्त्र अंगावर टिकवण्याचे काम त्यांच्याकडे. पिन कापडाच्या चुण्यांतून आरपार जाते, मग खाच असलेले कडे फिरवून तिच्या टोकाखाली आणायचे. कापडाचा भार पडला की ते आपोआप अडकून बसते. वर्षानुवर्षे हे चालले की दोन जागा झिजतात : पिनेवर कडे जिथे घासते तिथे उथळ खोबण पडते आणि पिन जिथे पत्र्यात अडकवलेली असते ते भोक लांबट होते. भिंगाखाली या दोन जागा आधी पाहा. सगळा दागिना काळपट, 'प्राचीन' आणि ही दोन्ही ठिकाणे मात्र कोरी करकरीत असतील, तर तो काळपटपणा गंधकाच्या द्रावणात बुडवून आणलेला आहे. खोबण असेल पण पत्र्याच्या कडा मात्र धारदार असतील, तर पिन जुनी आणि त्रिकोण नवा.

त्यानंतर डाग पाहा, म्हणजे सांधा कसा जोडलाय ते. चांदीचा डाग जुना झाला तरी पांढराच राहतो, सांध्यातून किंचित ओसंडलेला दिसतो. करड्या रंगाचे, नखाने ओरखडा उठेल इतके मऊ शिसे-कथील मागच्या बाजूला फासलेले दिसले तर ती नंतरची, सोनार नसलेल्या माणसाने केलेली दुरुस्ती. त्याने दागिना बाद होत नाही. किंमत मात्र उतरते.

काबिली दागिने कसे ओळखायचे?

अल्जीरियातल्या काबिली प्रदेशात, जुर्जुरा पर्वतात, आइत येन्नी (बेनी येन्नी) नावाची गावे आहेत. मीनाकाम केलेल्या चांदीसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. रंगांची घडी ठरलेली : पारदर्शक गर्द निळा, पारदर्शक हिरवा आणि अपारदर्शक पिवळा. तांबडा रंग मात्र मीन्याचा नसतो, तो भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याचा. पत्र्यावर बारीक तार उभी डागून तिचे कप्पे करायचे, त्यांत काचेची पूड भरून भट्टीत वितळवायची, अशी ही पद्धत.

यातला सगळ्यात प्रसिद्ध नग म्हणजे ताब्झिम्त, छातीवर लावायची गोल तबकडी. मुलगा झाला की आईने ती कपाळावर मिरवायची, असा तिथला रिवाज. मोठ्या जुन्या ताब्झिम्तची मागची बाजूही मीन्याने भरलेली असते. जी बाजू कुणाला दिसणार नाही तिथे एवढे काम पाहिले की या कारागिरांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. नव्या, घाईने केलेल्या नगांत मागे सपाट पत्रा असतो, फार तर चार रेघा.

पोवळ्याच्या जागी प्लास्टिक किंवा सेल्युलॉइड असेल तर लगेच 'नकली' म्हणू नका. पोवळे महागले तशी सोनारांनीच ही बदली केली. तो नगाच्या वयाचा एक धागा आहे, फसवणूक असेलच असे नाही. विकणाऱ्याने मात्र तसे सांगायला हवे.

शेजारच्या ऑरेस डोंगरातले शाविया दागिने वेगळे : मीना नाही, तारकाम आणि चांदीचे बारीक रवे डागून केलेली नक्षी.

अल्जीरियाच्या दागिन्यावर खेकडा, डुकराचे डोके, हंस असे काही दिसते. अर्थ काय?

ही सगळी फ्रेंच पद्धत. अल्जीरिया १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होता.

फ्रान्समध्ये १८३८ साली नवे ठसे लागू झाले. मोठ्या नगांसाठी शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी : तिच्या कपाळासमोर १ असेल तर ९५० टंच, हनुवटीखाली २ असेल तर ८००. लहान नगांसाठी दोन ठसे, पॅरिसच्या कचेरीचे रानडुकराचे डोके आणि पॅरिसबाहेरच्या कचेऱ्यांचा खेकडा. दोन्हींचा अर्थ किमान ८०० टंच. रानडुक्कर १९६२ मध्ये बंद झाले, खेकडा पुढेही चालू राहिला. म्हणून रानडुकराचे डोके असलेल्या नगाविषयी इतके खात्रीने सांगता येते की तो १९६२च्या आधीच पॅरिसच्या कचेरीत तपासला गेला. घडवला कुठे, ते मात्र घाट पाहूनच ठरवायचे.

हे ठसे दोनेक मिलिमीटरचे, झिजलेले असतात. दहापट भिंगाखाली खेकडा वरून पाहिल्यासारखा, दोन्ही बाजूंना पाय. रानडुक्कर म्हणजे बाजूने दिसणारे एकच डोके. ठसा साखळीच्या कडीवर, पिनेच्या बुडाशी, लोंबत्या लोलकाच्या काठावर शोधा.

हंसाचा ठसा १८९३ पासूनचा. ज्या चांदीचे मूळ ठाऊक नाही, उदाहरणार्थ लिलावात आलेली, तिच्यावर तो मारत. मोरोक्कोतला, काबिलीतला दागिना पॅरिसच्या लिलावात विकला गेला की त्यावर हंस बसायचा. म्हणजे हंस पाहून दागिना फ्रेंच ठरवायचा नाही. तो कधीतरी फ्रेंच बाजारातून गेला एवढेच त्यातून कळते. त्याच वर्षापासूनचा सोंडकिड्याचा ठसा म्हणजे, करार असलेल्या देशांतून आयात झालेली चांदी.

चौकट उभ्या शंकरपाळ्याची आणि आत अक्षरे असतील तर ती फ्रेंच कारागिराची खूण. अमाझिघ सोनाराच्या नगावर ती सापडणे विरळाच.

ठसा मारलेला आहे की साच्यातून ओतलेला, कसे कळेल?

मारलेल्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात, भोवतीचा धातू किंचित उचललेला असतो आणि पातळ पत्रा असेल तर मागच्या बाजूला खूण उमटते. फ्रेंच कचेऱ्यांच्या ऐरणींवर कीटकांची बारीक नक्षी कोरलेली असायची, ती ठशाच्या उलट बाजूला उमटते. ती दिसली तर ठसा खरा मानायला मोठा आधार मिळतो. जुन्या नगाचा साचा काढून ओतलेल्या नकलेत ठसाही ओतला जातो : कडा गोलसर, तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि दोन्ही पिनांवर ठसा अगदी त्याच जागी, त्याच कोनात. हाताने मारलेले दोन ठसे असे तंतोतंत जुळत नाहीत.

इजिप्तच्या चांदीवर तीन छोटे ठसे ओळीने आहेत. ते कसे वाचायचे?

ही पद्धत वाचायला या भागातली सगळ्यात सोपी, आणि तारीख सांगणारीही. इजिप्तमध्ये आधुनिक ठसे १९१६ पासून. एका ठशात कचेरीचे गाव आणि टंच, दुसऱ्यात सरकारी चिन्ह, तिसऱ्यात वर्षाचे अरबी अक्षर. सरकारी चिन्ह १९४६ पर्यंत मांजर होते. त्यानंतर चांदीसाठी कमळ आणि सोन्यासाठी आयबिस पक्षी आला. वर्षाच्या अक्षरांची चक्रे असतात, त्यामुळे एकटे अक्षर अपुरे. आधी मांजर की कमळ ते ठरवा, मग अक्षर कोष्टकाशी ताडून पाहा.

आकड्यांत मराठी वाचकाची हमखास चूक होते. तिथले शून्य म्हणजे नुसता बिंदू. आपल्या शून्यासारखे गोल दिसते तो पाच. आठ म्हणजे इंग्रजी व्ही उलटा, सात म्हणजे व्ही सुलटा, सहा इंग्रजी सातासारखा आणि नऊ इंग्रजी नवासारखा. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी संख्या डावीकडूनच वाचायची. तेव्हा बिंदू उजवीकडे येतील असा नग धरा. उलटा व्ही आणि पुढे बिंदू म्हणजे ८००, इंग्रजी नऊ आणि बिंदू म्हणजे ९००. ६०० टंचाचेही नग असतात. बिंदू एक असो वा दोन, अर्थ तोच.

लिबियाच्या सीमेजवळच्या सिवा मरूद्यानातल्या बऱ्याच नगांवर हे ठसे सापडतात. तिथली अघराव नावाची जाड हसळी आणि तिला लटकवलेली आद्रिम ही कोरीव तबकडी कुमारिकांची. लग्नाच्या वेळी तबकडी धाकट्या बहिणीकडे जायची. ठशातल्या वर्षावरून अशा नगाचे वय काही वर्षांच्या आत सांगता येते, आणि अमाझिघ दागिन्यांच्या बाबतीत ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

मोरोक्को आणि ट्युनिशियाचे काय?

दोन्ही देश फ्रेंच संरक्षणाखाली आले, ट्युनिशिया १८८१ मध्ये आणि मोरोक्को १९१२ मध्ये, आणि फ्रेंच धर्तीचे ठसे तिथेही आले. मोरोक्कोच्या चांदीवर मेंढ्याचे डोके दिसते. पण नुसते प्राण्याचे डोके पाहून देश ठरवू नका. झिजलेला मेंढा, घोडा आणि डुक्कर यांत भल्याभल्यांची गफलत होते.

कारागिरांचा इतिहास इथे ठशापेक्षा उपयोगी. मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या सूस भागात आणि अँटी-अ‍ॅटलास डोंगरांतल्या गावांत चांदीचे काम पुष्कळसे ज्यू सोनारांच्या हातात होते. १९४८ नंतर आणि विशेषतः पन्नास-साठच्या दशकांत ते बहुसंख्येने इस्रायलला गेले. सुलतान पहिला हसन याने १८८२च्या सुमारास वसवलेले तिझ्नित आजही चांदीचे गाव म्हणून ओळखले जाते, पण आधीचे काम आणि नंतरचे काम यांत फरक आहे. काळ्या निएलोची (खाचेत वितळवून भरलेल्या धातू-गंधकाच्या मिश्रणाची) भरणी आधीच्या नगांत गुळगुळीत, पत्र्याच्या पातळीत बसलेली असते. नंतरच्या पुष्कळ नगांत काळा रंग नुसता खाचेत फासलेला असतो. ट्युनिशियातल्या जेरबा बेटावर मात्र ज्यू सोनार अजून दुकाने चालवतात.

एक सूचना. षट्कोनी तारा दिसला की विक्रेते 'ज्यू दागिना' म्हणून भाव वाढवतात. एकोणिसाव्या शतकातल्या मोरोक्कोच्या सरकारी नाण्यांवरही तोच तारा आहे. मुसलमान घरांतही तो शुभ मानत. त्यावरून मालकाचा धर्म ठरत नाही.

दागिन्यात जुनी नाणी बसवली आहेत. त्यावरून वय कळेल का?

अर्धेच कळेल. दागिना त्याच्यातल्या सगळ्यात नव्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही. मोरोक्कोचा १९६० चा चांदीचा दिरहम मूळच्या कडीने लटकत असेल, तर 'एकोणिसावे शतक' हा दावा तिथेच संपला. उलट, नाणे जुने म्हणून दागिना जुना, असे म्हणता येत नाही.

हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. पहिल्या हसनच्या नाण्यांवरचे १२९९ म्हणजे १८८२. मोरोक्कोच्या नाण्यांवर आकडे युरोपीय वळणाचे असतात, इजिप्तच्या नाण्यांवर वर सांगितलेले अरबी वळणाचे. नाण्याचा देश ओळखायला एवढे पुरते.

सगळ्यात फसवे नाणे म्हणजे मारिया थेरेसा थेलर, ऑस्ट्रियाच्या राणीचे चांदीचे नाणे. जाडजूड राणी, मागे दोन डोक्यांचा गरुड, आणि सन कायम १७८०. राणी त्या वर्षी वारली, पण तांबड्या समुद्राभोवतीच्या देशांत लोकांना तेच नाणे हवे असल्यामुळे त्याच सनाने ते पाडत राहिले. व्हिएन्नात आजही पाडतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ही नाणी लंडनबरोबर मुंबईच्या टांकसाळीतही पाडली, १९४०-४१ मध्ये. तेव्हा कैरोच्या बाजारात १७८० चे म्हणून दाखवलेले नाणे आपल्या फोर्टातून गेलेले असू शकते. वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास आणि टंच ८३३, हे दोन्ही जुळले तरी वयाबद्दल काही सिद्ध होत नाही. मात्र हेच नाणे वितळवून दागिने होत, म्हणून त्या भागातल्या दागिन्याचा टंच ८३०च्या आसपास निघाला तर नवल वाटू नये. फ्रान्सचे पाच फ्रँक (२५ ग्रॅम, ९०० टंच) वितळवले असतील तर आकडा वर जातो.

तुआरेग क्रॉसवर ठसा का नसतो?

तुआरेग हे सहारातले भटके अमाझिघ लोक, आणि क्रॉस म्हणजे त्यांचा लोलक. त्यांचे सोनार, इनादान, मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून काढतात आणि चांदी ओततात. साचा फुटतो, म्हणून प्रत्येक नग एकटाच. सरकारी ठशाशी या कामाचा संबंध नव्हता. दोन क्रॉस रेघेरेघेने सारखे असले तर ते कारखान्यातले.

घरी चांदी तपासता येईल का?

रत्ने, लाख किंवा पोकळी नसलेल्या भरीव नगाला पाण्यातल्या वजनाची रीत उत्तम. आधी कोरडे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नग दोऱ्याने पेल्यात बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. ६२ ग्रॅमचे कडे ६.१ दाखवत असेल तर उत्तर १०.१६, म्हणजे ८०० टंचाच्या जवळ. शुद्ध चांदी १०.४९, ९२५ टंचाची साधारण १०.३६. तेच कडे ७.१ च्या आसपास दाखवत असेल तर ते जर्मन सिल्व्हर. त्यात चांदीचा कणही नसतो, आणि पर्यटकांच्या बाजारात ते मुबलक आहे.

सराफाकडच्या टंच मशीनचा आकडा वरच्या पातळ थराचा असतो. जुन्या सोनारांनी आम्लात उकळून उजळलेल्या नगावर वरचा थर अधिक शुद्ध असतो, म्हणून मशीन टंच जास्त दाखवते. मागे, झिजलेल्या कडेवर, डागापासून दूर अशा तीन-चार जागी मोजायला सांगा. कानशीने खाच पाडून कसोटीवर घेऊ देऊ नका.

अंबर खरे आहे का?

मोरोक्कोच्या माळांतले मोठे पिवळे मणी बहुधा कोपलचे (अंबराइतक्या जुन्या नसलेल्या झाडाच्या राळेचे) किंवा फिनॉलिक रेझिनचे (एका कृत्रिम प्लास्टिकचे) असतात. मिठाच्या संपृक्त पाण्यात रेझिन बुडते. अंबर आणि कोपल दोन्ही तरंगतात. कोपलवर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकला तर पृष्ठभाग चिकट होतो. हा थेंब भोकाच्या आतल्या कडेलाच टाकावा. रेझिनच्या माळा देखील आता जुन्या झाल्यात आणि त्यांना वेगळा भाव आहे.

साफ कसे करू?

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतले काहीही नको. पोवळे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात ते विरघळते आणि चकाकी कायमची जाते. चांदी चमकवायच्या तयार द्रावणात बुडवू नका, निएलो आणि खाचांतली काळी छटा उडते. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरडे करणे. मीन्याला तडे असतील तर पाणीही नको, फक्त सुके मऊ कापड. उठावावर उजळ आणि खाचेत काळे, हीच त्याची नीट अवस्था. पांढऱ्याशुभ्र झालेल्या जुन्या नगाला संग्राहक कमी किंमत देतात, आणि ते बरोबरच आहे.

कैरो किंवा माराकेशच्या सहलीत घेणार आहे. काय बघू?

जोडी पुरी आहे का, पिना मूळच्या आहेत का, लोलकांच्या कड्या एकसारख्या आहेत का. वेगवेगळ्या नगांचे तुकडे एकत्र करून 'जुनी माळ' बनवणे हा तिथला सर्रास धंदा आहे. माळ सुंदर असेल तर जरूर घ्या, पण पुरी जुनी माळ म्हणून पैसे मोजू नका. '९२५' असा स्वच्छ इंग्रजी आकडा असेल तर तो नग जुना गावठी असण्याची शक्यता फार थोडी. इजिप्तच्या १९८३च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येऊ शकतात, म्हणून दुकानदाराने जुनेपणाची हमी लिहून दिली तर ती विमानतळावर अडचणीची ठरू शकते. कागदावर ठशाचे वर्ष, टंच आणि वजन लिहून घ्या.

आजीच्या पेटीत असा नग निघाला आहे. मोडीत घालू का?

कृपया नको. सराफ चांदीचे वजन धरून पैसे देईल, आणि काबिली मीनाकामाची किंमत वजनात येत नाही. आधी फोटो काढा : पुढून एक, पालथा एक, पिनेच्या आणि कडीच्या सांध्याचा जवळून एक, आणि प्रत्येक ठशाचा वेगळा. ठशाचा फोटो घेताना उजेड समोरून नको, एका बाजूने तिरपा हवा, म्हणजे खाचेत सावली पडते. मग नग न हलवता उजेड दुसऱ्या बाजूने आणून आणखी एक फोटो घ्या. एका फोटोत नुसता डाग वाटणारी आकृती दुसऱ्यात पुष्कळदा खेकड्याचे पाय दाखवते. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि वजन लिहून ठेवा. घरातले कोण, कुठल्या साली, कुठल्या बंदरातून किंवा नोकरीच्या गावाहून तो घेऊन आले, हे कुणाला आठवत असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.